डिकन्सचा जमाव आणि बॅस्टिलची यादी

नववीच्या वर्गात आम्ही फ्रेंच राज्यक्रांती शिकवत होतो. उर्दू माध्यमाची शाळा, मुलींचा वर्ग, दुपारचे सत्र. फळ्यावर १४ जुलै १७८९ ही तारीख लिहिली आणि सांगितले की, या दिवशी पॅरिसच्या ‘हुजूम’ने बॅस्टिलचा किल्ला काबीज केला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. म्हणाली, “टीचर, हुजूम में कौन लोग थे? उनके नाम क्या थे?” आम्ही सोळाव्या लुईचे नाव सांगितले, राणी मारी आंत्वानेतचे सांगितले, किल्लेदार द लोनेचेही सांगितले. ती म्हणाली, “ये तो उनके नाम हैं जिन पर हमला हुआ.”

तास संपल्याची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. पण प्रश्न सुटला नव्हता. बी. एड. करताना आम्हाला शिकवले होते की, विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ‘उद्या सांगते’ म्हणावे आणि उद्या खरोखर सांगावे. त्या उद्यासाठी आम्हाला बरीच पुस्तके चाळावी लागली. त्या वाचनात एक कादंबरी नव्याने समोर आली. ती आम्ही बी. ए.ला असताना डोळे पुसत वाचली होती. चार्ल्स डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’.

या कादंबरीबद्दल काही लिहिण्याआधी कबूल केले पाहिजे की, इंग्रजी वाचणाऱ्या जगभरच्या वाचकांच्या मनात फ्रेंच राज्यक्रांतीचे जे चित्र आहे, ते इतिहासकारांनी काढलेले नाही. ते डिकन्सने काढले आहे. गिलोटिन, विणकाम करत मुंडकी मोजणाऱ्या बायका, लाल टोप्या, धार लावायच्या दगडाभोवती नाचणारी रक्ताळलेली माणसे. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्याही डोळ्यांसमोर हेच येते. १८५९ साली त्याने ती स्वतःच्या साप्ताहिकातून क्रमशः छापली. प्रस्तावनेत कार्लाइलच्या १८३७ च्या इतिहासग्रंथाचे ऋण मान्य केले. कार्लाइलचा ग्रंथ आज अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी वाचत नाही. डिकन्स मात्र अभ्यासक्रमात बसला आहे.

सुरुवात किती सुंदर आहे! पॅरिसच्या सेंत आंत्वान वस्तीत दारूचे एक पिंप रस्त्यावर फुटते. भुकेली माणसे कामधंदा टाकून धावतात, ओंजळीने पितात, फडकी भिजवून लेकरांच्या तोंडात पिळतात. थोडा वेळ हसणे, खेळणे, हातात हात धरून नाचणे होते. मग दारू संपते आणि चेहऱ्यांवर पुन्हा तीच अवकळा येते. भूक कशी असते हे डिकन्सला कोणी शिकवायला नको होते. बाप कर्जापायी तुरुंगात आणि स्वतः बारा वर्षांचा पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात, हे त्याने भोगले होते. मार्क्विसच्या भरधाव गाडीखाली एका गरिबाचे पोर चिरडते आणि मार्क्विस खिडकीतून एक नाणे फेकतो. तो प्रसंग वाचताना कोणाही गरीब घरातल्या वाचकाची मूठ आपोआप वळते. उमरावांच्या जुलमाबाबत डिकन्सने कसलीही सारवासारव केलेली नाही.

मग ही माणसे उठतात आणि डिकन्सची लेखणी बदलते. जोवर ती उपाशी होती तोवर ती माणसे होती. उठल्याबरोबर ती समुद्र होतात, आग होतात, वादळ होतात. त्याच्या प्रकरणांची नावेच समुद्र चढण्याची आणि आग भडकण्याची आहेत. बॅस्टिलच्या प्रसंगात दारूच्या दुकानाचा मालक दफार्ज तोफेवर उभा आहे, त्याची बायको हातात कुऱ्हाड घेऊन बायकांच्या पुढे आहे. या दोघांखेरीज बाकी सगळे लाटा! किल्लेदाराचे मुंडके कापण्याचे कामही डिकन्स मादाम दफार्जच्या हाती देतो. प्रत्यक्षात ते एका स्वयंपाक्याने केले होते. कादंबरीकाराला एवढी मुभा असते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. इतक्या मोठ्या घटनेत त्याला नाव द्यावीशी वाटलेली माणसे मोजकीच, आणि त्यांतल्या बाईला तो वैयक्तिक सूडाचे कारण चिकटवतो. शेवटी शेवटी आपल्याला कळते की, मादाम दफार्जच्या बहिणीची अब्रू आणि भावाचा जीव त्याच उमराव घराण्याने घेतला होता. म्हणजे तिला राजकारण नाहीच. तिला फक्त खानदानी वैर आहे.

आम्ही दहा वर्षांच्या असताना आमच्या मोहल्ल्यातल्या रेशन दुकानावर सलग तीन आठवडे रॉकेल आले नाही. चौथ्या आठवड्यात टँकर आला तेव्हा अम्मी पहाटेपासून रांगेत होती. निम्म्या रांगेला रॉकेल मिळाले आणि ‘संपले’ म्हणून फळी पडली. बायकांनी दुकानासमोर बसून घेतले. पोलीस आले, ढकलाढकली झाली, अम्मीच्या बांगड्या फुटून मनगट कापले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या : अमुक भागात जमावाने गोंधळ घातला, परिस्थिती नियंत्रणात आहे. अब्बांनी त्या वाचून दाखवल्या. अम्मी चुलीपुढे लाकडे सारत होती. तिने विचारले, “जमाव म्हणजे कोण? मी?”

मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न आम्हाला इतका का लागला, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

तर मग बॅस्टिलसमोर कोण होते? याचे उत्तर जॉर्ज रुदे नावाच्या इतिहासकाराने दिले. त्याचा ‘द क्राउड इन द फ्रेंच रेव्होल्यूशन’ हा ग्रंथ १९५९ साली निघाला, डिकन्सच्या कादंबरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. हा योगायोगच, पण बोलका आहे. रुदे तेव्हा विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. कम्युनिस्ट म्हणून त्याला एका शाळेतली नोकरी गमवावी लागली होती आणि तो दुसऱ्या शाळेत शिकवत होता. एका शाळामास्तराने पॅरिसच्या पोलिसांची जुनी दप्तरे उलगडून हे काम केले, याचा आम्हाला आमच्या पेशामुळे थोडा अधिक आनंद होतो, तो वाचकांनी समजून घ्यावा.

झाले असे होते की, क्रांतीनंतर ‘बॅस्टिलचे विजेते’ म्हणून ज्यांचा सरकारी सन्मान झाला, त्यांची यादी तयार करण्यात आली. तिच्यात साडेसहाशेहून जास्त हयात माणसांची नावे आहेत, बहुतेकांचे धंदे आणि पत्ते आहेत. सुतार, फर्निचर बनवणारे कारागीर, कुलूप बनवणारे लोहार, चांभार, दारूचे छोटे दुकानदार. बहुतेक जण त्या सेंत आंत्वान वस्तीतले, म्हणजे किल्ल्याच्या सावलीत राहणारे. अनेक जण बाहेरगावांहून पोटासाठी पॅरिसला आलेले. चोर, भुरटे, भाडोत्री गुंड हे वर्णन तेन या फ्रेंच इतिहासकाराने लोकप्रिय केले होते. यादी तसे सांगत नाही. यादीत एक बाईही आहे : मारी शार्पांतिए, कपडे धुण्याचे काम करणारी.

हे लोक त्या दिवशी तिथे का गेले, हेही समजून घेतले पाहिजे. शालेय पुस्तकात ‘जुलमी राजवटीचे प्रतीक’ म्हणून बॅस्टिल पाडल्याचे लिहिलेले असते. प्रतीके पाडायला माणसे एवढ्या सकाळी उठत नाहीत. ती दारूगोळ्यासाठी गेली होती. ११ जुलैला राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकरला काढून टाकले. पॅरिसभोवती फौजा जमत होत्या. शहरात बातमी पसरली की, आता कत्तल होणार. १२ आणि १३ जुलैला शहराच्या वेशीवरची जकात नाकी जळाली, कारण त्या नाक्यांमुळे धान्य आणि दारू महाग होत असे. १४ च्या सकाळी इन्व्हॅलिड्सच्या कोठारातून हजारो बंदुका मिळाल्या, पण बंदुकीची दारू नव्हती. ती बॅस्टिलमध्ये हलवलेली होती, अडीचशे पिंपे. तुरुंगात त्या दिवशी कैदी किती होते? सात. त्यांतले चार बनावट हुंड्या करणारे. सकाळी शिष्टमंडळे आत गेली, किल्लेदाराशी बोलणी झाली. दुपारी दीडच्या सुमारास लोक बाहेरच्या चौकात शिरले आणि आतून गोळीबार झाला. बोलणीच्या नावाखाली दगा दिला, असे बाहेरच्यांना वाटले. मग ‘गार्द फ्रांसेज’ या राजाच्याच पलटणीतले शिपाई तोफा घेऊन लोकांच्या बाजूने आले आणि पाचच्या सुमारास किल्ला पडला. हल्ला करणाऱ्यांपैकी सुमारे ९८ मेले.

राजाच्या शिपायांनी बंदूक कोणत्या दिशेला वळवायची हे ठरवले, तो क्षण निर्णायक होता. याच पलटणीने एप्रिलच्या अखेरीस त्याच सेंत आंत्वानमध्ये, रेव्हेय्यों नावाच्या कागद कारखानदाराविरुद्ध उठलेल्या मजुरांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि कितीतरी माणसे मारली होती. अवघ्या अडीच महिन्यांत हे शिपाई बदलले. कसे बदलले? ते पॅरिसमध्येच राहत होते, फावल्या वेळात तिथेच किरकोळ कामे करत होते, त्याच भावाची भाकरी विकत घेत होते. डिकन्सच्या कादंबरीत हे शिपाई जवळजवळ नाहीत. त्याचा समुद्र कोणाच्याही मदतीशिवाय भिंत ओलांडतो.

आणि भाकरीचा भाव! १३ जुलै १७८८ रोजी फ्रान्समध्ये भयंकर गारपीट झाली, पीक बुडाले, पुढचा हिवाळा अतोनात कडक गेला. पॅरिसमध्ये चार पौंडांची भाकरी एरवी आठ-नऊ सू या नाण्याला मिळे. फेब्रुवारी १७८९ मध्ये ती साडेचौदा सूवर गेली आणि बॅस्टिल पडेपर्यंत खाली उतरली नाही. मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. घरात चार तोंडे असतील तर हिशेब वाचकांनीच करावा. दुसरीकडे राजाचा हिशेबही बुडाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध मदत करताना झालेल्या कर्जाच्या व्याजापायी १७८८ मध्ये सरकारी खर्चापैकी जवळजवळ अर्धा पैसा जात होता. उमरावांवर कर बसवावा तर उमराव बंड करून उठले. आधी उमरावांनी राजाला अडवले, लोक नंतर आले. जॉर्ज लफेव्र या इतिहासकाराने १९३९ च्या आपल्या छोट्या पुस्तकात हा क्रम फार नेमका मांडला आहे : पहिले बंड उमरावांचे, दुसरे वकील-व्यापारी मध्यमवर्गाचे, तिसरे शहरी लोकांचे, चौथे शेतकऱ्यांचे. चार वेगवेगळे ओढे एका उन्हाळ्यात एकत्र आले. पुढच्याच वर्षी जर्मनांनी फ्रान्स जिंकला आणि त्यांच्या मेहेरबानीवर चालणाऱ्या विशी सरकारने या पुस्तकाच्या हजारो प्रती जाळण्याचा हुकूम दिला.

डिकन्स या चारांतला मधला ओढा जवळजवळ पूर्णच गाळतो. ५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये भरलेली, १६१४ नंतर प्रथमच बोलावलेली ती सभा; गावोगावहून आलेल्या गाऱ्हाण्यांच्या हजारो वह्या; १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेणे; २० जूनला दरवाजे बंद दिसल्यावर टेनिसच्या मैदानात घेतलेली शपथ; २६ ऑगस्टचा मानवी हक्कांचा जाहीरनामा. यातले काही त्याच्या कथानकात येत नाही. जुलै १७८९ च्या हत्या आणि जळणारे वाडे दाखवून तो एका उडीत ऑगस्ट १७९२ ला पोचतो. मधली तीन वर्षे, ज्यांत लोक वाचत होते, वाद घालत होते, मते देत होते, ती गायब. मग वाचकाला असे वाटणारच की, भुकेतून थेट गिलोटिन निघाले.

येथे थोडे विषयांतर. बॅस्टिलच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १७८८ मध्ये, दिल्लीच्या लाल किल्ल्यात गुलाम कादिर रोहिल्याने बादशहा शाह आलमचे डोळे काढले. शाही घराण्याचे हाल केले. पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले आणि गुलाम कादिरला ठार केले. लुईच्या वाट्याला पहिली तीन वर्षे याच्या शतांशही विटंबना आली नव्हती. तरीही दिल्लीतल्या त्या घटनेला कोणी इन्किलाब म्हणत नाही. एका सरदाराने बादशहाला आंधळे केले, दुसऱ्याने तख्तावर बसवले, दिल्लीच्या भिश्त्याला आणि नानबाईला कोणी विचारले नाही. राजाचे काय झाले यावरून इन्किलाब ठरत नाही. आम्ही वर्गात मुलींना हा शब्द अरबी ‘क़ल्ब’च्या कुळातला, उलटापालट होणे या अर्थाचा, असे सांगतो. हसरत मोहानींनी १९२१ च्या सुमारास ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा दिली तेव्हा तो आपल्या देशभर गेला.

असो. डिकन्सने सर्वांत मोठी गोष्ट वगळली ती ५ ऑक्टोबर १७८९ ची. स्त्रियांविषयी इतके भयाने लिहिणाऱ्या लेखकाने नेमका स्त्रियांचाच सर्वांत मोठा दिवस सोडून द्यावा, याचे आम्हाला नवल वाटते. त्या सकाळी पॅरिसच्या बाजारातल्या बायका जमल्या. पीक चांगले येऊनही भाकरी मिळत नव्हती, बेकरीसमोर पहाटेपासून रांगा लागत होत्या. व्हर्सायच्या एका मेजवानीत क्रांतीच्या तिरंगी फितीचा अपमान झाल्याची बातमी आली होती. राजा जाहीरनाम्यावर सही करायला टाळाटाळ करत होता. बायका आधी नगरपालिकेत शिरल्या आणि मग पावसात सुमारे वीस किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या. सहा-सात हजार बायका, चिखलाने भरलेले परकर, बरोबर ओढत नेलेल्या तोफा. संध्याकाळी त्यांचे शिष्टमंडळ राजाला भेटले, धान्याचे वचन मिळाले. मागून लाफायेतच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय रक्षक दलही पोचले. पहाटे काही लोक राजवाड्यात घुसले, राणीचे दोन रक्षक मारले गेले. आणि ६ ऑक्टोबरला दुपारी राजा, राणी, युवराज यांची गाडी धान्याच्या गाड्यांसह पॅरिसकडे निघाली. बायका म्हणत होत्या की, आम्ही भटारी, भटारीण आणि त्यांचे पोर घेऊन आलो.

या एका विनोदात सगळे आले. राजाने प्रजेला खाऊ घालावे ही जुनी समजूत त्यात आहे. तोवर तरी त्या बायका राजसत्तेविरुद्ध नव्हत्या. त्यांना राजा आपल्या शेजारी, नजरेसमोर हवा होता. परंतु ज्या राजाला बाजारातल्या बायका चिखलातून घरी घेऊन येतात, तो पूर्वीचा राजा राहत नाही. त्यानंतर लुई पुन्हा कधी व्हर्सायला परतला नाही. जून १७९१ मध्ये तो वेष बदलून पळाला, व्हारेन गावी पकडला गेला, आणि लोकांचा उरलासुरला भरवसा तेव्हा तुटला. १० ऑगस्ट १७९२ ला त्याच्या राजवाड्यावर हल्ला झाला, २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाली, २१ जानेवारी १७९३ ला त्याचे शिर उडवले गेले. आम्ही हे एका दमात सांगितले, कारण पाठ्यपुस्तकात ते असतेच. ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे राणीच्या तोंडचे वाक्य मात्र मुलींना परीक्षेत लिहू देत नाही. तशी गोष्ट रूसोच्या आत्मचरित्रात एका अनामिक राजकन्येविषयी येते आणि त्याने ती लिहिली तेव्हा मारी आंत्वानेत अजून लहान मुलगी होती, फ्रान्सला आलेलीही नव्हती. बायकांच्या माथी बोल मारणे दोन्ही बाजूंनी चालते.

डिकन्सला जमावाचे इतके भय का वाटावे? समीक्षक सहसा इंग्लंडमधल्या चळवळींकडे बोट दाखवतात. आम्हाला आणखी एक गोष्ट मध्ये आणावीशी वाटते. १८५७ च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोचल्या तेव्हा डिकन्सने ऑक्टोबर १८५७ मध्ये एका परिचित श्रीमंत बाईंना पत्र लिहिले. मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर या लोकांचा वंशच उरणार नाही असे केले असते, या आशयाचा मजकूर त्यात आहे. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लिहिणाऱ्याच्या हातून हे उतरले! दिल्ली, कानपूर, लखनौच्या माणसांना तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रे नाव देत नव्हती. ती ‘म्युटिनी’ होती, आमच्या बुजुर्गांनीही भीतीपोटी बराच काळ तिला ‘गदर’ म्हटले. दोन वर्षांनी डिकन्सने पॅरिसचे लोक रंगवले. पत्र आणि कादंबरी यांचा थेट धागा जोडता येईल असा पुरावा आमच्यापाशी नाही, हे आमचे वाचन आहे. पण बेनाव माणसांची लाट पाहून थरथरणारा हात दोन्हीकडे एकच आहे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

व्हिक्टर ह्यूगोची ‘त्र्याण्णव’ ही १८७४ ची शेवटची कादंबरी या बाबतीत वेगळी वाटते. ती १७९३ मधल्या व्हांदेच्या यादवीवर आहे. तिथे शेतकरी राजाच्या बाजूने लढत होते, हे क्रांतीचा गौरव करणाऱ्यांना नेहमीच अडचणीचे जाते. सुरुवातीलाच क्रांतीचे शिपाई जंगलात तीन लेकरांच्या एका आईला विचारतात, तू कोणत्या पक्षाची? तिला प्रश्नच कळत नाही. तुझ्या नवऱ्याला कोणी मारले? गोळीने, एवढेच तिला ठाऊक आहे. ह्यूगो पुढे मोठमोठी भाषणे करतो, पात्रे पुतळ्यांसारखी उभी राहतात, शेवट नाटकी आहे. आम्हाला ती डिकन्सइतकी धरून ठेवत नाही. पण त्या आईला त्याने मिशेल फ्लेशार हे नाव दिले आणि तिच्या अडाणीपणाची टिंगल केली नाही.

आता उलट बाजू. डिकन्सवर इतके लिहून त्या लोकांना फरिश्ते ठरवायचे असते तर काम सोपे होते. २ सप्टेंबर १७९२ पासून चार-पाच दिवस पॅरिसच्या तुरुंगांत शिरून लोकांनी अकराशेहून अधिक कैदी मारले. त्यांत पाद्री होते, स्विस शिपाई होते, आणि बहुसंख्य साधे चोर-भामटे व वेश्या. प्रशियाची फौज जवळ येत होती आणि कैदी उठून आपल्या बायकामुलांना कापणार, अशी अफवा होती. डिकन्सचे धारेच्या दगडाचे प्रकरण याच दिवसांचे आहे आणि ते खोटे नाही. अफवेचे तंत्र उन्हाळा १७८९ मध्येही तेच होते. तेव्हा खेडोपाडी ‘लुटारू येत आहेत’ ही भीती पसरली, शेतकऱ्यांनी कोयते-भाले काढले, लुटारू आलेच नाहीत, मग तीच माणसे जमीनदाराच्या वाड्यावर गेली आणि त्यांनी वेठ-खंडणीची दप्तरे जाळली. लफेव्रने १९३२ मध्ये या ‘महाभया’वर अख्खा ग्रंथ लिहिला. ४ ऑगस्टच्या रात्री सभेने सरंजामी हक्क रद्द केल्याचे जाहीर केले ते त्या धुराकडे पाहून. एकीकडे अफवेने दप्तर जळाले आणि शेतकरी मोकळा झाला, दुसरीकडे अफवेने तुरुंगातल्या असहाय माणसांचे गळे कापले. ज्यांच्या गल्ल्यांनी अफवेची किंमत मोजली आहे, त्या आपल्यासारख्या वाचकांनी यातले दुसरे वाक्य गिळून टाकू नये. रुदे मारणाऱ्यांचीही चौकशी करतो आणि सांगतो की, तेही दुकानदार, कारागीर, रक्षक दलाचे शिपाईच होते. नाव असले म्हणून हात स्वच्छ असतात असे नाही. पण नाव असले की जबाब विचारता येतो. लाटेला कोण विचारणार?

आणि डिकन्सच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. त्याच्या शेवटच्या पानांत सिडनी कार्टनबरोबर गिलोटिनकडे जाणारी जी पोर आहे, ती गरीब शिवणकाम करणारी आहे. दहशतीच्या काळातल्या शिक्षांची मोजदाद डोनाल्ड ग्रीअर या अभ्यासकाने १९३५ मध्ये केली. सुमारे सतरा हजार देहदंडांपैकी ८४ टक्के तिसऱ्या वर्गातल्या, म्हणजे साध्या माणसांना झाले होते. उमराव साडेआठ टक्क्यांच्या आसपास. चित्रपटांत आणि आमच्या कल्पनेत त्या गाडीत रेशमी कपड्यातले लोकच असतात. डिकन्सने मात्र एका शिंपिणीला बसवले. आकडे येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी. मोठा लेखक आपल्या भयापेक्षा मोठा असतो तो असा, कधी कधी, एखाद्या पानापुरता.

त्या शिंपिणीच्या वस्तीचे पुढे काय झाले हे कादंबरी सांगत नाही, कारण तिला कार्टनचा त्याग संपवायचा आहे. ऑक्टोबर १७९३ मध्ये स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी ओलाँप द गूज पुढच्याच आठवड्यात गिलोटिनवर गेली. जुलै १७९४ मध्ये रोबेस्पियर गेला, धान्याच्या भावावरचे नियंत्रण डिसेंबरमध्ये उठले आणि हिवाळ्यात भाकरी पुन्हा अशक्य महाग झाली. मे १७९५ मध्ये सेंत आंत्वानच्या बायका ‘भाकरी आणि १७९३ ची राज्यघटना’ अशी मागणी घेऊन पुन्हा सभागृहात शिरल्या. या वेळी बंदुका त्यांच्या बाजूला वळल्या नाहीत. वस्तीला फौजेने वेढले, हत्यारे काढून घेतली, आणि पाचाहून जास्त बायका रस्त्यात एकत्र दिसल्या तर अटक, असा हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात मारी शार्पांतिएचे नाव फळ्यावर लिहिले. धंदा : धोबीण. मुलींनी ते वहीत उतरवले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले की, बाकीची साडेसहाशे नावे कुठे मिळतील. आमच्या शाळेच्या कपाटात डिकन्सच्या संक्षिप्त आवृत्तीच्या अकरा प्रती आहेत. रुदे किंवा लफेव्र उर्दूत नाही, मराठीतही नाही. या वार्षिकाच्या वाचकांपैकी कोणी भाषांतर करण्याइतके फ्रेंच किंवा इंग्रजी जाणणारे असतील, तर निदान लफेव्रचे छोटे पुस्तक हाती घ्यावे. तोवर आम्ही आमच्या परीने त्या यादीतली मिळतील तेवढी नावे आणि धंदे एका दोनशे पानी वहीत लिहून काढतो आहोत. आतापर्यंत दीड पान झाले आहे.